स्तनपानाची सल्लागार आणि तिचा दाखला



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून आत येताना काही मंडळी जरा हसली, ते मी पाहिले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. बाळंतिणीच्या खोलीत ह्याचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका कागदांच्या जुडग्यात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

आमच्या युनियनचे एक जुने सभासद आहेत. त्यांची मुलगी नवऱ्याबरोबर अमेरिकेत असते. तिचे पहिले बाळंतपण तिकडे झाले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून घरी पाठवले. तिच्या आईचा व्हिसा लांबलेला, सासूबाईंचे गुडघे दुखत असलेले, म्हणजे घरात वडीलधारे बाईमाणूस कोणी नाही. बाळ अंगावर धरले की रडे, ओढेना. छातीत दूध भरून दगड झालेला, बोंडाला चिरा पडलेल्या आणि बाळाचे वजन उतरत चाललेले. शेवटी कोणी सुचवले म्हणून तिने एका सल्लागार बाईला बोलावले. ह्याच कामाचे शिक्षण घेतलेली ती बाई. तिने दोन भेटींत बाळाला कसे धरायचे, तोंड केव्हा मोठे उघडते, हनुवटी कोठे टेकली पाहिजे हे दाखवले आणि गाडी रुळावर आली. मग तिचे बिल विमा कंपनीकडे गेले. उत्तर आले की सदर व्यक्ती आमच्या जाळ्यातील नाही, सबब रक्कम देय नाही. मुलीने विचारले, मग तुमच्या जाळ्यातील सल्लागार कोण? कंपनीने यादी धाडली. तीत बालरोगतज्ज्ञ होते, प्रसूतितज्ज्ञ होते. स्तनपानाची सल्लागार एकही नव्हती.

सभासद ते कागद घेऊन आमच्या कचेरीत आले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही एवढी करारपत्रे वाचता, हे एवढे वाचून सांगा." माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, तेही रात्रशाळेत. पण करारपत्र कोणत्याही देशाचे असो, त्यात चोरवाट कोठे असते हे वाचणाऱ्याला सवयीने कळते. शब्दकोश घेऊन बसलो. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आले की हा प्रश्न बाळंतिणीचा आहे तितकाच कामगाराचाही आहे. कसब एकीकडे, कागद दुसरीकडे, आणि मध्ये दरवाज्यावर बसलेला कारकून, हा देखावा मी तीस वर्षे पाहत आलो आहे.

आता मुळात हा व्यवसाय काय, हे पाहू. आपल्याकडे अजूनही अनेकांना वाटते की पाजणे ही निसर्गाची गोष्ट, त्यात शिकवायचे काय? पण ज्या घरात आई, आजी, मावशी भोवती असतात तेथे शिकवणे चालूच असते. फक्त त्याला कोणी शिकवणे म्हणत नाही. बाळंतीण एकटी पडली की ते शिक्षण नाहीसे होते. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, मग दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध भरते. ह्याच दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. ते जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उतरले की डॉक्टर सावध होतात. ह्या आठवड्यात मदत मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर बाटली येते, बाटली आली की ओढणे कमी, ओढणे कमी की दूध कमी. दूध मागणीप्रमाणे तयार होते, साठ्याप्रमाणे नव्हे. हा आठवडा लक्षात ठेवा. पुढे त्याची गाठ एका समितीच्या कॅलेंडराशी पडणार आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर बहुतेक बाळे बाटलीवर वाढत होती. १९५६ साली इलिनॉय राज्यातील फ्रँकलिन पार्क ह्या गावी सात गृहिणींनी एकत्र येऊन 'ला लेचे लीग' नावाची संस्था काढली. त्या सातजणींचा मुख्य आधार होता तो स्वतःच्या अनुभवाचा. आईने आईला शिकवायचे, फुकट, आणि घरच्या बैठकीत. काम वाढले, रुग्णालये विचारू लागली, तेव्हा ह्या कसबाला परीक्षा असावी असे वाटू लागले, आणि १९८५ साली आंतरराष्ट्रीय परीक्षा मंडळ स्थापन होऊन पहिली परीक्षा झाली. त्या मंडळाचा दाखला मिळालेल्या बाईस तिकडे आय.बी.सी.एल.सी. म्हणतात. स्वयंपाकघरातून निघालेली विद्या तीस वर्षांत परीक्षेच्या खोलीत पोहोचली. मी ह्याला वाईट म्हणत नाही. आमचे वायरमन, फिटर, वेल्डर सगळे ह्याच वाटेने गेले.

ही परीक्षा सोपी नाही. शरीरशास्त्र, पोषण, मानसशास्त्र वगैरे आरोग्याच्या चौदा विषयांचे शिक्षण हवे. जी आधीच परिचारिका किंवा डॉक्टर आहे तिचे ते झालेलेच असते. शिवाय केवळ स्तनपान ह्या विषयाचे ९५ तासांचे शिक्षण. आणि प्रत्यक्ष कामाचे तास: एका मार्गाने १०००, जाणत्या सल्लागाराच्या हाताखाली उमेदवारी केली तर ५००, महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून आले तर किमान ३००. दाखला पाच वर्षांचा, मग नूतनीकरण. ह्याहून लहान असा दुसराही दाखला आहे, सी.एल.सी. नावाचा. त्याला सुमारे पन्नास तासांचे शिक्षण आणि परीक्षा. हे काम करणाऱ्या पुष्कळ बाया, विशेषतः गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या, हा दुसरा दाखला घेतलेल्या असतात. हजार तास विनावेतन किंवा नाममात्र वेतनावर उमेदवारी कोण करू शकते, हे मी ह्या सभेला सांगायला नको.

आता ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो ती जागा. तिकडे तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींना आपण मराठीत सरसकट "सर्टिफिकेट" म्हणून मोकळे होतो. परीक्षा मंडळ देते तो दाखला; तो सांगतो की बाईला काम येते. राज्य सरकार देते तो परवाना. तो सांगतो की बाईने काम करायला हरकत नाही. आणि विमा कंपनी करते ती पडताळणी, जिला तिकडे क्रेडेन्शियलिंग म्हणतात. तिच्यामुळे ठरते की ह्या बाईचे पैसे आम्ही देऊ की नाही. पहिले दोन्ही हाती असून तिसऱ्यावाचून माणूस दाराबाहेर राहू शकतो. आमच्या भाषेत सांगायचे तर आय.टी.आय.चा दाखला आहे, वायरमनचा परवाना आहे, पण कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नाही.

ही पडताळणी चालते कशी? सल्लागार बाईने आधी सरकारकडून दहा आकड्यांचा राष्ट्रीय क्रमांक घ्यायचा. तो फुकट मिळतो. पण तो नुसता क्रमांक आहे, अधिकार नव्हे. मग कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीत शिक्षण, पूर्वीच्या नोकऱ्या, मधल्या काळात नोकरी नसल्यास त्याची कारणे, व्यवसायातील चुकीबद्दलचा विमा, झालेले दावे हे सगळे भरायचे. कंपनीचे लोक ही माहिती मूळ ठिकाणाहून पडताळतात. म्हणजे बाईने दिलेल्या प्रतीवर विसंबत नाहीत, परीक्षा मंडळाला आणि परवाना खात्याला स्वतः विचारतात. मग कागद समितीपुढे जातात. समितीने होय म्हटले तर करार, करारात दर कंपनीने ठरवलेला, आणि तीन वर्षांनी पुन्हा पडताळणी. ह्या सगळ्यात दोन-तीन महिने सहज जातात. मघाचा आठवडा आठवा. बाळाला पाच दिवसांत उत्तर हवे असते आणि समितीची बैठक महिन्यातून एकदा.

ह्यातला मूळ हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. खोटा डॉक्टर रुग्णाच्या घरात शिरू नये म्हणूनच ही तपासणी निघाली, आणि ती हवीच. माझी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे.

२०१० साली तिकडे आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. त्या कायद्याखाली स्त्रियांसाठी कोणत्या प्रतिबंधक सेवा विम्याने पदरचे काही न घेता द्याव्यात, ह्याची यादी २०११ साली ठरली आणि ऑगस्ट २०१२ पासून सुरू होणाऱ्या योजनांना ती लागू झाली. तीत स्तनपानाचा सल्ला होता. दूध काढण्याच्या पंपाचा खर्चही होता. (त्या देशात बाळंतपणाची पगारी रजा देणारा राष्ट्रीय कायदा नाही, १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात ती बिनपगारी, आणि तीही सर्वांना नाही. त्यामुळे पंप ही तिकडच्या कामकरी आईची गरजेची वस्तू आहे. रजा द्यायची नाही, पंप द्यायचा, ह्या न्यायाबद्दल पुन्हा केव्हातरी.) नियमात शब्द असा होता की सल्ला "प्रशिक्षित" व्यक्तीने द्यावा. बस्स. प्रशिक्षित म्हणजे किती तास, कोणाचा दाखला, हे लिहिले नव्हते.

करारात एखादा शब्द मोकळा सुटला की मालक त्याचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावतो, हे आम्ही जाणतो. तिकडेही तसेच झाले. काही योजना म्हणू लागल्या की आम्ही फक्त सरकारी परवाना असलेल्यांनाच जाळ्यात घेतो. वरवर हे किती रास्त दिसते पाहा! पण बहुसंख्य राज्यांत ह्या व्यवसायाचा परवानाच अस्तित्वात नव्हता, आजही नाही. जी वस्तू सरकार देत नाही ती आणा, मग आत घेतो. परीक्षा मंडळाचा सर्वांत कठीण दाखला असलेली बाईसुद्धा, ती परिचारिका नसेल तर, बाहेर. कायद्याने सेवा फुकट. कंपनीच्या यादीत सेवा देणारे कोणी नाही. आणि यादीबाहेरच्या बाईचे बिल आईच्या माथी. कोणी नकार दिला नाही, तरी मिळाले काही नाही. इतका सभ्य नकार मी आमच्या व्यवस्थापनाकडूनही ऐकलेला नाही.

ही ओरड वाढली तेव्हा ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील तीन केंद्रीय खात्यांनी मिळून प्रश्नोत्तरांच्या रूपाने खुलासा काढला. त्याचा मजकूर मी दोनदा वाचला, कारण सभासदाच्या मुलीचे सगळे प्रकरण त्यात होते. योजनेने आपल्या जाळ्यातील स्तनपान-सल्लागारांची यादी दिली पाहिजे. जाळ्यात असे कोणी नसेल तर बाहेरच्या व्यक्तीची सेवा आईकडून काही न घेता दिली पाहिजे. राज्यात परवान्याची पद्धत नाही एवढ्या कारणावरून सेवा नाकारता येणार नाही. रुग्णालयात असतानाच सल्ला घ्या, घरी गेल्यावर नाही, असेही म्हणता येणार नाही. आणि आई पाजत आहे तोवर हा हक्क आहे. पुढे २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित यादीत तर व्यावसायिकांच्या सल्ल्याबरोबर अनुभवी आयांच्या आधाराचाही उल्लेख आला. सात गृहिणी सरकारी कागदावर यायला सदुसष्ट वर्षे लागली.

पण मधल्या काळात दुसऱ्या बाजूने एक गोष्ट घडली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. विमा कंपनी परवाना मागते ना, मग राज्याकडून परवानाच आणू, असे मोठ्या दाखल्याच्या बाजूचे लोक म्हणू लागले. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. र्‍होड आयलंड राज्यात २०१४ साली परवान्याचा कायदा झाला. जॉर्जिया राज्यात २०१६ साली झाला, तो मात्र साधा नव्हता. त्याने ठरवले की पैसे घेऊन स्तनपानाचा सल्ला देण्याचा परवाना फक्त आय.बी.सी.एल.सी. दाखलेवाल्यांनाच मिळेल. डॉक्टर, परिचारिका वगैरेंना सूट. छोट्या दाखल्याच्या शेकडो बाया, वर्षानुवर्षे काम करणाऱ्या, एका फटक्यात बेकायदा. आणि ह्यातील मेख पाहा: हेच काम स्वयंसेविका म्हणून फुकट केले तर चालेल! म्हणजे बाळाला अपाय होण्याची भीती होती ती बाईने पैसे घेतले तरच. फुकट काम सुरक्षित आणि मजुरीचे काम धोक्याचे, हा शोध लावणाऱ्याला आमच्या कारखान्यात कार्मिक अधिकारी नेमायला हरकत नाही.

अटलांटा शहरात मेरी जॅक्सन नावाच्या एक बाई छोट्या दाखल्यावर कित्येक वर्षे हेच काम करीत होत्या. कृष्णवर्णीय आयांमध्ये स्तनपानाचे प्रमाण तिकडे इतरांहून कमी आहे. ते वाढावे म्हणून काढलेल्या 'रीचिंग अवर सिस्टर्स एव्हरीव्हेअर' ह्या संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक. त्या आणि त्यांची संस्था २०१८ साली न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयाने आधी दाद दिली नाही. २०२० साली जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याच्या घटनेनुसार वैध धंदा करण्याचा हक्क माणसाला आहे, तेव्हा दावा ऐका. दावा ऐकला गेला, पुन्हा वर आला, आणि ३१ मे २०२३ रोजी त्या न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवून रद्द केला. छोट्या दाखल्याच्या बाया लोकांना अपाय करीत होत्या असा पुरावा सरकारला देता आला नव्हता.

आता तुम्ही विचाराल, भाऊ, तुम्ही दाखल्याच्या बाजूचे की विरोधातले? मला ह्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि त्याचे कारण माझ्याच आयुष्यातले आहे. मी तरुणपणी एका कारखान्यात बॉयलरवर हेल्पर होतो. तेथे एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बॉयलरच्या नुसत्या आवाजावरून ते सांगत की पाणी कमी आहे. पण दाखला नव्हता. दाखला घेऊन आलेली पोरे त्यांच्याच हाताखाली शिकली, अटेंडंट झाली, आणि उस्ताद हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्या पगारपत्रकावरचा तो शब्द मला अजून बोचतो. हे झाले एक. दुसरे असे की त्याच कारखान्यात काही वर्षांनी पैसे वाचवायला कंपनीने रात्रपाळीला बिनदाखल्याचा कंत्राटी मुलगा उभा केला. तो वाफेने भाजला. तेव्हा गेटवर उभे राहून "दाखलेवालाच माणूस हवा" अशी घोषणा देणारा मीच होतो, आणि आजही देईन.

तेव्हा दाखला मालकाला हवा म्हणून आहे की काम जोखमीचे आहे म्हणून आहे, हे मी आधी पाहतो. बाळ महिन्याआधी जन्मले, जीभ खालून बांधलेली आहे, आईला ताप येऊन स्तनात पू झाला, आई कसली औषधे घेत आहे, अशा ठिकाणी हजार तासांचा अनुभव हवाच. पन्नास तासांवर भागणार नाही, आणि अशा बाईला तिच्या कसबाचा पुरा मोबदला मिळाला पाहिजे. पण बहुतेक बाळंतिणींची अडचण ही नसते. बाळ कसे धरायचे ते दाखवणारे, रात्री दोन वाजता फोन उचलणारे, "होतं असं, माझंही झालं होतं" म्हणणारे माणूस त्यांना हवे असते. त्याला सर्वांत उंच दाखल्याची अट घातली की शहरातल्या चांगल्या वस्तीत सल्लागार उरतात आणि बाकीच्या वस्त्या कोरड्या राहतात. विम्याच्या जाळ्याने दोन्ही प्रकारच्या कामाला निरनिराळ्या दराने जागा द्यावी, आणि जाळ्यात कोणी नसेल तोवर बाहेरच्या बाईचे पैसे निमूट द्यावेत, ह्यात मला अवघड काही दिसत नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. आपला विमा बाळंतपणानंतरच्या असल्या सल्ल्याला सहसा विचारतही नाही, त्यामुळे जाळ्यात कोण हा प्रश्नच उठत नाही. ज्ञानाची उणीव आपल्याकडे नाही. स्तनपानाचा पुरस्कार करणारे राष्ट्रीय मंडळ १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाले. त्याआधी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी मातेच्या दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातील पहिली. आणि घरोघर जाऊन बाळ ओढते की नाही हे पाहणारी बाई तर गावोगाव आहे. ती आशा. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिने सहा भेटी द्यायच्या. वजन करायचे, ताप पाहायचा, पाजणे कसे चालले आहे ते पाहायचे, फॉर्म भरायचे. ह्या सहा भेटींचे मिळून ठरलेले पैसे २५० रुपये. तिच्या इंग्रजी नावातील पहिल्याच शब्दाचा अर्थ आहे "मान्यताप्राप्त". अमेरिकेतल्या बाईला काम करूनही मान्यता मिळत नाही. आमच्या बाईला मान्यता नावातच दिली आहे, पण ती कर्मचारी नव्हे, पगार नव्हे, मानधन. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर उतरल्या, तेव्हा मी त्यांच्या मंडपात बसलो होतो. तेथे एकीने मला विचारले, "भाऊ, आम्ही नेमक्या कोण?" मी त्या वेळी चहा मागवला. दुसरे काही सुचले नाही.

सभासदाच्या मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आम्ही इथे बसून तिला अर्जाचा मसुदा करून दिला. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या: तुमच्या यादीची प्रत सोबत जोडली आहे, तीत स्तनपानाची सल्लागार नाही, २०१५ चा खुलासा असे म्हणतो. कंपनीने पहिला अर्ज फेटाळला. दुसऱ्या अर्जावर आणखी कागद मागवले, सल्लागार बाईचा दाखला मागवला, तिचा दहा आकड्यांचा क्रमांक मागवला. तो सगळा जुडगा पुन्हा गेला. अखेर पूर्ण रक्कम मंजूर झाल्याचे पत्र आले, आणि त्याच आठवड्यात बाळाचे उष्टावण झाले.